दगड फोडणारं स्थळ

माझ्या संशयी स्वभावाचा घरात सगळ्यांना त्रास होतो. भाजीवाल्यानं वर रचलेला टोमॅटो बाजूला सारून मी खालचा बघते. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, साधा ताप आहे," की मी विचारते, "काही नाही म्हणजे नक्की काय काय नाही?" हा स्वभाव जन्मजात नाही. थोडा नोकरीनं दिला आणि बराचसा ताईच्या लग्नानं.

नोकरी होती घाटकोपरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ऑपरेटरची. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडायचे. कुणाचं बोलणं ऐकायची परवानगी नव्हती, पण लाइन नीट लागली का हे बघायला दोन शब्द तरी कानावर पडायचेच. "आम्ही मजेत" म्हणणारा माणूस खरंच मजेत आहे का, हे मला त्या दोन शब्दांत कळायला लागलं होतं.

ताईचं म्हणाल तर तिचं लग्न चारचौघींसारखंच झालं होतं. बघणं, चौकशी, साखरपुडा, सगळं रीतसर. वर्षाच्या आत ती मुलुंडला आमच्या दोन खोल्यांत परत आली. नवऱ्याला फिट्स यायच्या. त्याचं तिला काही नव्हतं, औषध घेऊन माणूस नीट राहतो हे तिलाही कळत होतं. पण औषधाच्या बाटल्या तिला तांदळाच्या डब्यात लपवलेल्या सापडल्या, आणि विचारल्यावर सासरच्या सगळ्यांनी मिळून तिलाच वेड्यात काढलं. त्यानंतर ताई घरात वावरायची, हसायचीसुद्धा, पण त्या लग्नाबद्दल एक शब्द बोलायची नाही. बाबा गिरणीतून उठून एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागले होते. एरवी कुणाला न घाबरणारा तो माणूस माझ्या लग्नाचा विषय निघाला की घाबरायचा. दुसरी मुलगी फसली तर त्यांना उभं राहता आलं नसतं, आणि हे त्यांना, मला, सगळ्यांना माहीत होतं.

तर अशा घरात बोरीवलीचं स्थळ आलं. मुलगा एका कंपनीत ड्राफ्ट्समन, वडील नाहीत, आई आणि तो. माणसं आमच्यासारखीच कोकणातली. आई-मुलगा दोघंच आले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले तेव्हा त्यानं डाव्या हातावर रुमाल टाकलेला होता. रुमाल असा हातावर कोण टाकून बसतं? डिश घ्यायला त्याला हात काढावा लागला, आणि मी बघून घेतलं. बोटांना चिकटपट्ट्या, तळव्यावर बारीक बारीक चरे, काही जुने, काही ताजे. एक चरा माझ्यासमोर उघडला आणि डिशच्या कडेला रक्ताचा ठिपका लागला. त्याला पत्ताच नाही. पोहे खात बसला.

मी त्याच्या डाव्या हाताला उभी होते. हळूच विचारलं, "हाताला काय झालंय?"

त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. त्याची आई घाईघाईनं म्हणाली, "सुतारकाम करतो ना सुट्टीला! छंद आहे त्याचा."

बाबांनी तेव्हा मान डोलावली. पाहुणे गेल्यावर मात्र म्हणाले, "सुताराच्या हाताला घट्टे असतात. असे चरे कुठे असतात?"

माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते, लपवण्यात अर्थ नाही. त्या काळी बोटं कापली तरी माणसाला कळत नाही म्हटलं की एकच रोग मनात यायचा. त्याचं नावसुद्धा कुणी मोठ्यानं घ्यायचं नाही. ते खरं निघायला नको होतं. कारण मुलगा मला आवडला होता. जाताना स्वतःची डिश उचलून मोरीत नेऊन ठेवणारा तो पहिलाच बघायला आलेला मुलगा होता.

मग मामाला चौकशीला धाडलं. आमच्या घरी चौकशी म्हणजे मामा. पानवाला, वाणी, वॉचमन, तळमजल्याच्या बाया, सगळ्यांशी तो असा गप्पा मारायचा की आपण साक्ष दिली हे त्यांना कळायचंही नाही. संध्याकाळी आला तो चपला न काढताच बोलायला लागला.

"माका काय ह्यां स्थळ बरां दिसणा नाय," तो म्हणाला. "तुमचो तो सुतार गच्चीर बसान दगड फोडता."

"दगड?" बाबा म्हणाले.

"दगड! रविवारी सकाळी खाणीकडसून गोणी भरून हाडता, तोंडार ओलो पंचो बांधता आणि गच्चीर जाता. कोणाक वर येवक देणा नाय. थयल्या एका बाईच्या पापडात दगडाची कपची गावली. तेव्हापासून ती दाराक लिंबू-मिरची बांधता. आणि वॉचमनान सोताच्या डोळ्यान बघल्यान, त्याच्याकडे सांबराचा शिंग आसा."

करणी म्हणावी की रोग म्हणावा, यावर घरात बराच खल झाला. मामाचं मत करणीकडे झुकत होतं. बाबा म्हणाले, "काय असेल ते असो. लपवतायत एवढं पुरे." मध्यस्थाला नकार कळवायचं ठरलं.

मी म्हटलं, "एक रविवार थांबा." का ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला धड सांगता आलं नसतं. नकार द्यायला माझी ना नव्हती. न कळता नकार द्यायला होती.

मैत्रिणीकडे जातो असं सांगून ताई आणि मी दोन बस बदलत बोरीवलीला पोचलो. मुलीनं स्वतः मुलाची चौकशी करायला जायचं, हे तेव्हा कुणाला सांगितलं असतं तर आमचीच चौकशी झाली असती. दार त्याच्या आईनं उघडलं. आम्हाला बघून त्यांचा चेहराच उतरला.

"तो घरी नाही," त्या म्हणाल्या.

वरून आवाज येत होता. टक्. मग थोडं थांबून टक् टक्.

"सुतारकाम चाललंय वाटतं," मी म्हटलं. "पण लाकडाचा आवाज असा येत नाही हो, काकी."

ताईनं माझा दंड दाबला, पण मी जिना चढायला लागले होते.

तो टाकीच्या सावलीत पाटावर बसला होता. खाली जुनी चादर अंथरलेली, तोंडाला पंचा, डोळ्यांवर वेल्डरचा असतो तसला चष्मा, मांडीवर टायरचा तुकडा. मला बघून तो चोरी पकडल्यासारखा उठला. उठताना मांडीवरच्या कपच्या खळकन खाली पडल्या. मी काहीच बोलले नाही. एक्स्चेंजमध्ये शिकले होते, आपण गप्प राहिलं की समोरचा बोलतो.

त्यानं पंचा काढला, इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून काढून एक वस्तू माझ्या हातावर ठेवली. अंगठ्याच्या पेराएवढी, पानाच्या आकाराची, मधाच्या रंगाची. उन्हात धरली तर कडा आरपार दिसत होत्या. बाणाचं टोक. दगडाचं.

"हे... सापडलं?" मी विचारलं.

"केलं," तो म्हणाला.

कॉलेजात असताना कुणी मास्तर त्यांना खाडीच्या बाजूच्या टेकडीवर घेऊन गेले होते. तिथं त्यांनी मातीतून उचलून एक दगडाचं नखाएवढं पातं दाखवलं आणि सांगितलं, इथं राहणाऱ्या माणसांनी हजारो वर्षांपूर्वी हे हातानं केलंय. बाकीच्या मुलांनी ते बघून सोडून दिलं. याला रात्री झोप लागेना की हे केलं कसं. तेव्हापासून तो फोडत होता. आधी सोड्याच्या बाटल्यांची बुडं, मग खाणीत काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या गारगोट्या. रद्दीवाल्याकडे एक परदेशी मासिक मिळालं, त्यात हत्यारांची चित्रं होती. बाकीचं बोटं कापून घेऊन शिकला.

"मग सुतारकाम कशाला सांगितलंत?"

"आधी एक स्थळ मोडलं यावरून. दगड फोडतो म्हटलं की लोक आधी हसतात, मग आमची जात कुठली ते पुन्हा विचारतात." तो हे इतकं सरळ म्हणाला की मला आमच्याच लोकांचा राग आला. "म्हणून आईनं सुतार केलं मला."

"आणि रक्त येतं ते कळत नाही तुम्हाला?"

त्यानं एक कपची उचलली, स्वतःच्या बोटावरून नुसती फिरवली आणि बोट माझ्यापुढे धरलं. आधी काहीच दिसलं नाही. मग लाल रेघ उमटली. "धारच इतकी बारीक असते. दुखतं ते संध्याकाळी, लिंबू पिळताना."

एक संशय फिटला. मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून मी जास्तच सावध झाले. म्हटलं, करून दाखवा.

त्यानं लिंबाएवढी गारगोटी घेतली, मांडीवरच्या टायरवर टेकवली आणि नदीतल्या गोल गोट्यानं कडेला ठोका दिला. जोरात नाही. नारळ फोडताना आपण जसा नेम धरतो तसा. पातळ कपची निघाली आणि ती खालच्या बाजूनं निघाली, जी बाजू टायरकडे होती, दिसतही नव्हती. "मारायचं वर आणि सुटतं खालून," तो म्हणाला. "म्हणून खाली काय होणार ते आधी मनात बघावं लागतं." मग गोटा ठेवून त्यानं सांबरशिंग घेतलं. त्याच्या आईच्या औषधाच्या बटव्यातलं, छातीत दुखलं की सहाणेवर उगाळायचं ते. वॉचमननं बघितलेलं शिंग ते हेच. शिंगानं लहान कपच्या काढल्या. दर खेपेला ठोका देण्याआधी तो कड खरखरीत दगडानं घासून बोथट करून घ्यायचा, कारण कड नाजूक राहिली की चुरा होतो आणि ठोका आत जात नाही. शेवटी तळव्यात रबर धरून त्यावर दगड ठेवला आणि लाकडी मुठीत बसवलेल्या तांब्याच्या खिळ्यानं कडेवर नुसता दाब दिला. होडीला मारतात तसला खिळा. दाब देताना त्याचे गुडघे आत वळायचे, सगळा जीव त्या टोकावर यायचा, आणि चट् करून मासळीच्या खवल्याएवढी कपची सुटायची. मी श्वास धरून बघत होते. पानाचा आकार आला. टोक आलं. आता दोरा बांधायच्या खाचा राहिल्या होत्या.

चट्. टोक मधोमध मोडलं.

"झालं," तो म्हणाला. "माझा हात कच्चा आहे. शेवटी शेवटी मोडतंच." त्याच्या शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, मोडलेल्या अर्ध्या टोकांनी भरलेला.

मी त्यातले तुकडे उलटेपालटे करून बघायला लागले. मोडलेल्या जागा स्वच्छ असायला हव्यात ना? बऱ्याच तुकड्यांवर त्या जागी तांबूस डाग होता, मातीचा.

"हे आत्ता मोडलेलं नाही," मी म्हटलं. "भेग आधीचीच होती. आत माती गेलीय बघा. तुम्ही दगडच फुटका घेता."

"छे. मी प्रत्येक दगड वाजवून घेतो." त्यानं गोणीतून एक गारगोटी काढली, उजव्या कानाशी नेली आणि शिंगानं टकटक केलं. "बघा. खणखणीत."

ती बद्द वाजली होती. मडकं घेताना वाजवतो आपण, चीर गेलेलं जसं वाजतं, अगदी तशी.

मला वाटलं तो माझी गंमत करतोय. त्याच्या हातातून शिंग घेतलं आणि गोणीतले दगड एक एक वाजवत गेले. खणखणीत इकडे, बद्द तिकडे. त्याला काही विचारलं नाही. दोन ढीग झाल्यावर म्हटलं, "आता या ढिगातला घ्या."

त्यानं घेतला. ऊन वर आलं, पाट तापला. ताई वर येऊन कठड्याशी उभी राहिली, त्याची आईही आली. खाचा पडल्या, टोक मोडलं नाही. इतकं नितळ काम मी परत क्वचितच बघितलं. पण तो त्या टोकाकडे बघतच नव्हता. त्यानं दोन्ही ढिगांतला एकेक दगड उचलला, कानाशी नेऊन वाजवला, पुन्हा वाजवला. त्याचा चेहरा बघून माझ्या लक्षात आलं, त्याला दोन्ही सारखेच ऐकू येतायत.

आणि मग पोह्यांच्या दिवशीची माझी जागा आठवली. मी डावीकडे उभी होते. त्यानं उत्तर टाळलं नव्हतं.

"तुम्हाला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

त्याची आई म्हणाली, "काहीतरीच काय! येतं त्याला, चांगलं येतं."

"डाव्या कानानं नाही येत," तो म्हणाला. "लहानपणी कान फुटला तेव्हापासून. उजवा चांगला आहे." मग हातातल्या दगडांकडे बघून म्हणाला, "असं मला आत्तापर्यंत वाटत होतं."

मला त्याची दया आली, आणि त्याच क्षणी रागानं माझं डोकं फिरलं. "आणि हे आम्हाला कधी सांगणार होतात?"

उत्तर त्याच्या आईनं दिलं. "लग्नानंतर कळलंच असतं की हो. कानाचं काय एवढं?"

ताईच्या तोंडाकडे बघायचं मला धाडस झालं नाही. मी तिचा हात धरला आणि खाली उतरले. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती, मी समोरच्या सीटच्या पत्र्याकडे. घरी येऊन बाबांना सगळं सांगून टाकलं. ते एवढंच म्हणाले, "सुटलो."

पुढच्या आठवड्यात नकार गेला. त्याच्या पुढच्या रविवारी तो दारात उभा. मागे त्याची आई, डोळे सुजलेले. नकार मिळालेला मुलगा परत येतो, हे आमच्या चाळीत कुणी ऐकलेलं नव्हतं. मामा नेमका आला होता. तो चेकाळलाच. "आता काय होया हेंका?"

बाबांनी बसा म्हटलं. ते कुणालाही बसा म्हणतात. तो बसला आणि पिशवीतून शिंग, गोटा, खिळा, तयार टोकं असं सगळं काढून टेबलावर मांडलं. म्हणाला, सुतारकाम नव्हतं, हे होतं. डावा कान पूर्ण गेलाय. तुमच्या मुलीमुळे उजवा तपासला. त्याचे बारीक आवाज जायला लागलेत. पुढे किती जातील ते डॉक्टरांना सांगता येत नाही, सगळेच जातील असंही होऊ शकतं. "नकार बरोबर आहे तुमचा. तो बदला म्हणायला आलो नाही. खोटं सांगून बघायला आलो होतो, ते खरं सांगून जावं म्हटलं."

मामानं एवढ्यात एक टोक उचलून धार अंगठ्यावर बघितली आणि "आयो गे!" करून अंगठा तोंडात घातला. एरवी मी हसले असते.

बाबा विरघळायला लागले होते, ते मला दिसत होतं. म्हणूनच माझ्यातला संशय टक्क जागा झाला. पकडल्या गेलेल्या माणसानं खरं बोलणं सोपं असतं. मी स्वैपाकघराच्या दारातून पुढे आले.

"एकच विचारते. मी त्या दिवशी ते दगड वाजवले नसते, तर लग्नाआधी सांगितलं असतंत?"

त्याची आई त्याच्याकडे अशी बघत होती की जणू त्याच्या तोंडून 'हो' तीच काढून घेणार होती. बाबांनाही 'हो'च ऐकायचं होतं. 'हो' म्हटलं असतं तर ते खोटं ठरलंच नसतं. कुणी ते तपासून बघूच शकलं नसतं, मीही नाही.

त्यानं टेबलावरचा गोटा उचलला, परत ठेवला.

"माहीत नाही," तो म्हणाला. "सांगितलं असतं असं वाटतं. पण पोह्यांच्या दिवशी नाही सांगितलं, म्हणजे... माहीत नाही."

"बघलास?" मामा उभाच राहिला. "सोताच्या तोंडान सांगता! उठ रे बाबा, चल, खूप झाला."

त्याची आई डोळ्यांना पदर लावून उठली. तो टेबलावरची हत्यारं पिशवीत भरायला लागला. बाबा जमिनीकडे बघत होते.

"थांब, मामा," ताई म्हणाली.

ती कपाटाला टेकून उभी होती. मामाकडे न बघता ती बाबांना म्हणाली, "बाबा, माझ्या वेळी याच खोलीत आपण काय काय विचारलं होतं. तब्येत, नोकरी, स्वभाव. एकाही प्रश्नाला 'माहीत नाही' असं उत्तर आलं नव्हतं."

त्या लग्नाबद्दल ती बोललेलं ते पहिलं वाक्य. बाबांनी वर बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी पुढे गेले. त्याच्या उजव्या बाजूची खुर्ची मामाची होती, ती ओढून घेतली, बसले आणि त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझा होकार आहे."